जतन

सुगी संपली, की शेतकऱ्याच्या घरात एक काम मोठ्या काळजीने केले जात असे. आलेल्या धान्यातून टपोरे, निरोगी दाणे निवडावयाचे, ते उन्हात वाळवावयाचे, त्यांना राख चोळावयाची, आणि मग मडक्यात भरून मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून टाकावयाचे. हे पुढच्या पेरणीचे बी होय. घरात कितीही ओढाताण असली, तरी त्याला हात लागत नसे. शहाणी गृहिणी सारे बी एकाच मडक्यातही ठेवीत नसे. एका मडक्यात कीड शिरली, तर दुसऱ्यातील बी वाचावे, हा तिचा साधा हिशेब. ह्या साऱ्या खटाटोपाला मराठीत एक सुंदर शब्द आहे. तो शब्द म्हणजे ‘जतन’.

आज हाच शब्द संगणकाच्या पडद्यावर येऊन बसला आहे. मराठीतून काम करण्याची सोय असलेल्या संगणकावर केलेले काम राखून ठेवावयाचे असेल, तेव्हा ‘जतन करा’ अशी आज्ञा द्यावी लागते. बोलताना आपण तिला ‘सेव्ह करणे’ असे म्हणतो. एक कळ दाबली की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. परंतु मडक्यात दाणे ओतणे म्हणजे जशी बियाण्याची राखण नव्हे, तशीच एक कळ दाबणे म्हणजे जतन नव्हे. जतन ही एक सवय आहे, आणि ती लागण्यासाठी संगणकाच्या पोटात काय चालते, हे थोडेसे समजून घ्यावे लागते.

संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. पहिली स्मृती वर्गातील फळ्यासारखी आहे. काम चालू असताना आपण टंकलेली अक्षरे, काढलेले चित्र, केलेला हिशेब हे सारे ह्या फळ्यावर असते. तेथे लिहिणे आणि पुसणे अतिशय वेगाने होते. म्हणूनच संगणक ती वापरतो. पण हा फळा विजेच्या आधारावर उभा आहे. वीज गेली, की फळा कोरा. दुसरी स्मृती वहीसारखी आहे. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मोबाइलमधील साठा ही सारी ह्या वहीची रूपे होत. वीज गेली तरी वहीतील मजकूर राहतो. ‘जतन करा’ ही आज्ञा म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरवून घ्या, असे संगणकाला सांगणे. आज्ञा दिली नाही, तर दोन तास खपून लिहिलेला निबंध वीज जाताच नाहीसा होतो, आणि त्यात संगणकाचा काहीच दोष नसतो.

तेव्हा पहिला नियम असा, की कोरे पान उघडताच, एक ओळ लिहून होण्यापूर्वीच, त्याला नाव द्यावे आणि ते जतन करावे. पुढे दर परिच्छेद संपला, की कळफलकावरील ‘कंट्रोल’ ही कळ दाबून धरून ‘एस’ हे अक्षर दाबावे. बहुतेक संगणकांवर एवढ्याने काम भागते. काही आधुनिक प्रणाली हे काम आपण होऊन करतात. परंतु ती सोय आपल्या संगणकावर चालू आहे किंवा नाही, हे पाहिल्यावाचून तिच्यावर विसंबू नये.

पेन ड्राइव्ह काढून घेतानाही असाच धीर धरावा. संगणक कधी कधी लिहावयाचा मजकूर थोडा वेळ फळ्यावरच ठेवतो आणि मग सवडीने वहीत उतरवितो. म्हणून पेन ड्राइव्ह एकदम उपटून घेऊ नये; तो काढावयाचा आहे, अशी सूचना आधी संगणकाला द्यावी. शाई वाळण्यापूर्वी वही मिटली, तर अक्षरे फिसकटतात, तसेच हे आहे.

मजकूर वहीत उतरला. आता तो हवा तेव्हा सापडला पाहिजे. पुष्कळांच्या संगणकात ‘नवीन’, ‘नवीन एक’, ‘शेवटचे’, ‘अगदी शेवटचे’ अशा नावांच्या फाइली भरलेल्या असतात. महिन्याभराने त्यांतील शेवटचे कोणते आणि अगदी शेवटचे कोणते, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. नाव असे द्यावे, की फाइल न उघडता आतील मजकूर कळावा. नावाच्या आरंभी दिनांक घालावयाचा असेल, तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा लिहावा. १५ ऑगस्ट २०२५ च्या भाषणाच्या फाइलीला ‘२०२५-०८-१५-भाषण’ असे नाव दिले, तर नावांच्या क्रमाने लावलेल्या साऱ्या फाइली आपोआप काळाच्या क्रमाने उभ्या राहतात. दिवस आधी लिहिला, तर जानेवारीतील १५ तारीख आणि डिसेंबरातील १५ तारीख शेजारी येऊन बसतात. महिना एका अंकाचा असेल, तर त्याच्याआधी शून्य लिहावयास विसरू नये; नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येण्याचा संभव असतो.

चुकून एखादी फाइल पुसली गेली, तर काय करावे? बहुतेक संगणकांत पुसलेली फाइल प्रथम ‘रीसायकल बिन’ ह्या टोपलीत जाते आणि तेथून ती परत घेता येते. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र सामान्यतः त्या टोपलीत जात नाही. तरीही लगेच निराश होण्याचे कारण नाही. संगणक पुष्कळदा पुसताना प्रत्यक्ष मजकूर पुसत नाही. तो केवळ अनुक्रमणिकेतून पाठाचे नाव खोडतो आणि ती पाने आता मोकळी आहेत, अशी नोंद करतो. जोवर त्या पानांवर दुसरे काही लिहिले जात नाही, तोवर जाणकार मनुष्य विशेष प्रणालीच्या साहाय्याने मजकूर परत मिळविण्याचा प्रयत्न करू शकतो. म्हणून अशा वेळी त्या पेन ड्राइव्हवर नवे काहीही लिहू नये. तो बाजूला काढून ठेवावा आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा.

परंतु खरा धोका चुकून पुसण्याचा नाही. वहीच नष्ट होण्याचा आहे. १९५६ साली अमेरिकेतील आय.बी.एम. ह्या कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसविलेले ते धूड एखाद्या मोठ्या कपाटाएवढे होते, आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. आज खिशातील ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये त्याच्या सहा हजार पटींहून अधिक मजकूर राहतो. साठा असा वाढला, पण वही अमर झाली नाही. हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते, आणि तिच्यावरील मजकूर वाचणारे टोक तिच्यापासून इतक्या कमी अंतरावर तरंगत असते, की ते अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढेही नसते. एखादा धक्का बसला, की टोक तबकडीवर घासते आणि मजकूर खरवडला जातो. पेन ड्राइव्हमध्ये फिरणारे काही नसते. तेथे अक्षरे सूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपाने कोंडलेली असतात. पण तो भारही वर्षानुवर्षे तसाच राहील, असा भरवसा नसतो. शिवाय पेन ड्राइव्ह हरवतो, मोडतो, खिशातून कपड्यांबरोबर धुण्यातही जातो. साधन कोणतेही असो, ते आज ना उद्या बिघडणारच, असे धरून चालावे. ज्या वस्तूची एकच प्रत आहे, ती आपल्याजवळ काही काळच आहे.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झाली. त्या काळी छापखाना नव्हता. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती हाताने उतरल्या जात. उतरणाऱ्याच्या नजरचुकीने एखादा शब्द बदले, एखादी ओवी गळे, तर एखादी नवीनच घुसे. सुमारे तीनशे वर्षांनंतर, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या संत एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि ग्रंथाचा शुद्ध पाठ सिद्ध केला. हे कार्य त्यांना करता आले, कारण प्रती अनेक होत्या. एकाच पोथीवर सारा भार असता आणि ती वाळवीने खाल्ली असती, तर ताडून पाहावयास काय उरले असते?

संगणकाच्या युगातही उपाय तोच आहे. जाणकारांनी त्याला ‘तीन-दोन-एक’ असे सुटसुटीत रूप दिले असून, पीटर क्रोग ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने ते लोकप्रिय केले. महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती असाव्यात. त्या किमान दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. घरातील छायाचित्रे संगणकात आहेत, त्यांची दुसरी प्रत कपाटातील पेन ड्राइव्हवर आहे आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या मावशीच्या घरी आहे, एवढी व्यवस्था सामान्य कुटुंबाला पुरेशी होते.

तिसरी प्रत दूर कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हजारो घरांत आणि दुकानांत पाणी शिरले. अशा वेळी टेबलावरील संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील पेन ड्राइव्ह ह्यांचे दैव एकच असते. आग, पूर आणि चोरी ही संकटे एक प्रत पाहून थांबत नाहीत. एका छपराखाली असेल ते सारे ती घेऊन जातात.

दूर ठेवण्याच्या प्रतीसाठी हल्ली ‘क्लाउड’चा उपयोग केला जातो. नावाचा अर्थ ढग असला, तरी आपल्या फाइली आकाशात जात नाहीत. त्या इंटरनेटच्या मार्गाने एखाद्या कंपनीच्या इमारतीतील संगणकांत जाऊन राहतात. ही सोय उपयुक्त आहे. मात्र तिच्यातील एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. मोबाइलमधील आणि क्लाउडमधील छायाचित्रे पुष्कळदा एकमेकांशी जोडलेली असतात. मोबाइलमध्ये जागा व्हावी म्हणून एखादे छायाचित्र पुसले, तर ते क्लाउडमधूनही पुसले जाते, आणि तेथील टोपलीत ते ठरावीक दिवसच राहते. आरशातील प्रतिमा ही दुसरी प्रत नव्हे; माणूस हलला, की तीही हलते. ज्या प्रतीवर मूळ प्रतीतील बदलाचा परिणाम होत नाही, तीच खरी दुसरी प्रत होय.

शिवाय दूरच्या घराला कुलूप मजबूत हवे. हे कुलूप म्हणजे परवलीचा शब्द, अर्थात पासवर्ड. स्वतःचे नाव, जन्मतारीख किंवा ‘१२३४५६’ असला पासवर्ड म्हणजे उंबऱ्याखाली ठेवलेली किल्ली. चोर प्रथम तेथेच हात घालतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांची लांब माळ आठवावयास सोपी आणि ओळखावयास कठीण असते. प्रत्येक ठिकाणी निराळा पासवर्ड ठेवावा, म्हणजे एक कुलूप फुटले तरी इतर दारे सुरक्षित राहतात. इतके पासवर्ड पाठ राहत नसतील, तर ते एका वहीत लिहून ती वही घरातील कपाटात ठेवावी. मोबाइलवर येणारा ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा अंक, कोणीही फोनवरून मागितला, तरी सांगू नये. मागणारा स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवीत असला, तरीही नाही.

कुलूप फोडून चोरी करणारे असतात, तसे उलट आपल्याच घराला बाहेरून कुलूप लावणारेही असतात. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची एक घातकी प्रणाली जगभर पसरली. काही दिवसांतच सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक तिच्या तावडीत सापडले. ती संगणकातील फाइली गुप्त लिपीत कोंडून टाकी आणि त्या सोडविण्यासाठी खंडणी मागे. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम खोळंबले; हजारो रुग्णांना ठरलेली तपासणी न होता परतावे लागले. ह्यात सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट अशी, की ज्या फटीतून ही प्रणाली आत शिरली, ती बुजविण्याचा उपाय मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, प्रसिद्ध केला होता. ज्यांनी तो वेळीच बसविला, त्यांच्या संगणकांत ती फट उरलीच नव्हती. संगणक किंवा मोबाइल ‘अद्ययावत करा’, म्हणजेच ‘अपडेट करा’, असे सांगतो, तेव्हा आपण बहुधा ‘नंतर’ म्हणून ती सूचना दूर सारतो. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारण्याचा कंटाळा करण्यासारखेच ते आहे. दुसरा धडा असा, की प्रत घेऊन झाल्यावर ते साधन संगणकापासून वेगळे करून ठेवावे. सदैव जोडलेल्या पेन ड्राइव्हवरील प्रतही अशा हल्ल्यात कोंडली जाऊ शकते.

इतके करूनही एक गोष्ट राहते. घेतलेली प्रत उघडते की नाही, हे पाहिले पाहिजे. १९९८ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे पिक्सार ही संस्था ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार करीत होती. त्यातील बोलकी खेळणी, त्यांची घरे, रस्ते, झाडे हे सारे संगणकावर काढलेले. एके दिवशी कोणीतरी चुकून फाइली पुसण्याची आज्ञा भलत्याच ठिकाणी दिली, आणि काम करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चित्रपटाचा मोठा भाग नाहीसा होऊ लागला. यंत्रे तत्काळ बंद केली. पण तोवर पुष्कळ हानी झाली होती. संस्थेत प्रती घेण्याची व्यवस्था होती. त्या प्रती काढून पाहिल्या, तेव्हा ती व्यवस्था काही काळापासून नीट चालतच नव्हती, असे उघडकीस आले. कोणीही तपासून पाहिले नव्हते. पुष्कळ माणसांचे महिन्यांचे श्रम गेल्यातच जमा होते. इतक्यात गॅलिन ससमन ह्या तंत्रज्ञ बाईंना आठवण झाली, की आपल्या घरी एक प्रत आहे. त्यांचे मूल तान्हे होते, म्हणून त्या घरून काम करीत आणि त्यासाठी चित्रपटाच्या फाइली घरच्या संगणकावर वरचेवर उतरवून घेत. तो संगणक घोंगड्यांत गुंडाळून, मोटारीच्या बैठकीला पट्ट्याने बांधून, लहान मुलासारखा जपत संस्थेत आणला, आणि काम वाचले. दूर ठेवलेल्या एका प्रतीने जे केले, ते न तपासलेल्या व्यवस्थेला करता आले नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी जतन केलेल्या प्रतींपैकी दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.

प्रत उघडते, पण ती वाचता येत नाही, असाही प्रसंग येतो. इंग्लंडात १०८६ साली राजा विल्यमच्या आज्ञेने गावोगावच्या जमिनी, माणसे, जनावरे ह्यांची पाहणी होऊन तिचा एक मोठा ग्रंथ झाला. त्याला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. ह्या घटनेला नऊशे वर्षे झाली, तेव्हा १९८६ साली बी.बी.सी. ह्या संस्थेने नव्या काळाची तशीच पाहणी प्रसिद्ध केली. दहा लाखांवर लोकांनी तीत भाग घेतला आणि त्यांत शाळकरी मुलांची संख्या फार मोठी होती. मुलांनी आपापल्या गावांची वर्णने लिहिली, छायाचित्रे काढली. हे सारे त्या वेळच्या नवीन प्रकारच्या मोठ्या तबकड्यांवर साठविण्यात आले. पुढे त्या तबकड्या वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली. अवघ्या १५-१६ वर्षांत ती माहिती कायमची हातची जाते की काय, अशी चिंता निर्माण झाली आणि तज्ज्ञांना ती वाचविण्यासाठी खास खटपट करावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीचा चर्मपत्रावरील ग्रंथ मात्र तसाच वाचता येत होता.

मराठी लिहिणाऱ्यांनाही असा अनुभव आलेला आहे. पूर्वी संगणकावर मराठी उमटविण्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे टंक असत, आणि प्रत्येक टंकाचा अंतर्गत संकेत वेगळा असे. एका संगणकावर नीट दिसणारे मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले, की तेथे निरर्थक चिन्हांचा गोंधळ दिसे. १९९१ साली युनिकोड ही जागतिक संकेतपद्धती प्रसिद्ध झाली आणि तिच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला तीत स्थान मिळाले. तीत प्रत्येक अक्षरचिन्हाला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६, ‘ग’चा २३२७. ज्या यंत्राला ही पद्धती कळते, ते जगाच्या पाठीवर कोठेही असो, २३२५ ह्या क्रमांकाला ‘क’च समजते. म्हणून मराठी मजकूर नेहमी युनिकोडमध्येच टंकावा. घरात जुन्या टंकातील महत्त्वाचे लेखन असेल, तर ते वेळीच युनिकोडमध्ये उतरवून घ्यावे. त्याचप्रमाणे दर चार-पाच वर्षांनी जुन्या साधनांवरील प्रती नव्या साधनांवर नकलाव्यात. बीसुद्धा कायम मडक्यात राहत नाही. ते पेरून, पिकवून, पुन्हा नवे भरावे लागते.

एवढी यातायात कोणत्या गोष्टीसाठी करावी? संगणकातील सर्वच वस्तू जपण्यासारख्या नसतात. बाजारात पुन्हा मिळणारे पुस्तक, पुन्हा उतरवून घेता येणारे गाणे गेले, तर फारसे बिघडत नाही. जे पुन्हा कधीही मिळणार नाही, ते आधी जपावे. पुण्यातील संशोधक हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांवर स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. त्या कागदावर उतरवून घेतल्या, पुढे संगणकात भरल्या; १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल ह्या संशोधकांच्या साहाय्याने पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून त्या इंटरनेटवर वाचावयास आणि ऐकावयास मिळू लागल्या. दरम्यान गावोगाव विजेच्या गिरण्या आल्या होत्या, जाती थांबली होती आणि गाणाऱ्यांपैकी कित्येक जणी हे जग सोडून गेल्या होत्या. प्वातवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तले. पहाटेच्या अंधारात जाते ओढीत गायिलेले ते सूर आता पुन्हा मुद्रित करता येणार नाहीत. पण कागद, ध्वनिफीत आणि संगणक अशा निरनिराळ्या मडक्यांत ते बी भरून ठेवलेले होते, म्हणून ते आज आपल्यापर्यंत पोहोचले.

प्रत्येक घरात असे थोडे तरी बी असते. आजोबांनी सांगितलेली गावाची हकिकत मोबाइलमध्ये मुद्रित केलेली असते. आजीच्या आवाजातील एखादे गाणे असते. आता नसलेल्या माणसाचे एकुलते एक छायाचित्र असते. मोबाइल हरवला, तर नवा घेता येतो. त्यातील आवाज कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्या आवाजाची दुसरी प्रत करावयास पाच मिनिटे पुरतात. वडील माणसांना विचारून ती पाच मिनिटे आजच काढावीत.


अभ्यास

१. संगणकाच्या दोन प्रकारच्या स्मृतींना लेखकाने कोणत्या उपमा दिल्या आहेत? त्या कशा लागू पडतात?

२. ‘आरशातील प्रतिमा ही दुसरी प्रत नव्हे,’ ह्या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. पुढील घटनांवरून जतनाविषयी कोणता बोध मिळतो, ते प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा : (अ) एकनाथांनी केलेले ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण (आ) १९९८ सालचा चित्रपटाच्या फाइलींचा प्रसंग (इ) १९८६ सालची बी.बी.सी.ची पाहणी.

४. ‘डोळ्यांदेखत’, ‘तावडीत सापडणे’, ‘गेल्यातच जमा असणे’ ह्यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

५. आपल्या घरातील पुन्हा न मिळणाऱ्या पाच गोष्टींची यादी करा. प्रत्येकीच्या किती प्रती आहेत आणि त्या कोठे आहेत, हे वडील माणसांच्या मदतीने तिच्यापुढे लिहा.